अणुवीज केंद्रातलं काँक्रीट म्हातारं होतं तेव्हा: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

मी नाशिकमध्ये इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करते. दिवसातला बराच वेळ हातोडी घेऊन गच्चीवर, जिन्याखाली किंवा पाण्याच्या टाकीच्या बुडाशी जातो. सिव्हिलच्या मुलांना अणुवीज केंद्रांतल्या काँक्रीटबद्दलही शिकवते. वर्गात येणारे प्रश्न आणि सोसायटीच्या चेअरमननी चहा घेता घेता विचारलेले प्रश्न आश्चर्य वाटावं इतके सारखे असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत.

मॅडम, नाशिकला अणुवीज केंद्र नाही. मग आपण यात डोकं कशाला घालायचं?

केंद्र नाही, पण फार लांबही नाही. त्र्यंबक, जव्हार, पालघर असं उतरत गेलं की समुद्रकाठी तारापूर. तिकडे गुजरातेत व्याऱ्याजवळ काकरापार. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी वीज देऊ लागल्या. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. तिथलं मूळ काँक्रीट आज तुमच्याआमच्या बहुतेक इमारतींपेक्षा वयाने मोठं आहे.

दुसरं कारण मला जास्त जवळचं वाटतं. दिंडोरी रोडवर मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. धरणांची माती, खडी, सिमेंट तपासण्यात आयुष्य घालवलेली माणसं या शहरात घरोघरी सापडतील. काँक्रीटचं म्हातारपण समजून घ्यायला नाशिककराला परकं वाटायचं काही कारण नाही.

काँक्रीट म्हातारं होतं म्हणजे नेमकं काय होतं?

नुसती वर्षं गेल्याने काहीच होत नाही. उलट चांगलं काँक्रीट ओलावा मिळत असेपर्यंत बळकट होत राहतं. जपानमधल्या हामाओका केंद्राची पहिली अणुभट्टी १९७६ ते २००९ अशी चालली. नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या जाड भिंतींतलं काँक्रीट तपासलं, तेव्हा त्याची ताकद आराखड्यात धरलेल्या ताकदीच्या तिपटीहून जास्त निघाली. भिंतीच्या पोटात ४० ते ५५ अंश तापमान वर्षानुवर्षं टिकलं, पाणी बाहेर पडू शकलं नाही, आणि रोमन लोकांच्या समुद्रातल्या बांधकामात सापडतं ते टोबरमोराइट नावाचं खनिज तिथे हळूहळू तयार झालं. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. मी वर्गात नेहमी इथूनच सुरुवात करते, कारण ‘जुनं म्हणजे कच्चं’ ही समजूत आधी डोक्यातून काढावी लागते.

काँक्रीट बिघडतं ते दोन गोष्टींनी. ओतताना आत काय गेलं, आणि नंतर बाहेरून काय पोचलं. पाणी, मीठ, हवा, उष्णता, किरणोत्सर्ग, ताण यांतलं कुठलं कुठे पोचतंय हे शोधायचं, त्यावर नजर ठेवायची आणि वेळेत अडवायचं. अणुवीज केंद्रात याला एजिंग मॅनेजमेंट म्हणतात.

एवढी चिंता कशाला? खराब झालेला भाग बदलून टाकायचा.

पंप बदलता येतो, केबल बदलता येते. कितीतरी केंद्रांनी अख्खे वाफजनित्र बदललेत. पण ज्या काँक्रीटच्या पोटात अणुभट्टी बसली आहे ते बदलता येत नाही. अणुभट्टीभोवतीची किरणरोधक भिंत, वापरलेलं इंधन ठेवायची तळी, सगळ्याचा पाया आणि बाहेरचं कंटेनमेंट, म्हणजे अपघात झालाच तर किरणोत्सारी वाफ कोंडून ठेवणारं कवच: यांचं आयुष्य तेच केंद्राचं आयुष्य. समुद्राचं पाणी आत घेणारे बोगदे, कुलिंग टॉवर, टर्बाइनखालच्या चौकटी यांची दुरुस्ती होऊ शकते. तीही खर्चाची असते, पण होते.

आमच्या सोसायटीत वीस वर्षांत स्लॅबचे पोपडे पडून सळया दिसायला लागल्या. मग केंद्र साठ वर्षं कसं टिकेल?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि अगदी योग्य प्रश्न.

ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि हा पीएच ९ च्या खाली आणतो. ही सीमारेषा सळईपर्यंत पोचली की थर जातो, गंज सुरू होतो. गंजाचं घनफळ मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असतं, म्हणून सळई फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून टाकते. आपले गवंडी म्हणतात ‘लोखंड फुललं’. याहून नेमका शब्द मला माहीत नाही.

आता इथली खरी गंमत. ही रेषा वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पुढे सरकते. दहा वर्षांत १० मिलिमीटर आत गेली, तर २० मिलिमीटरला चाळीस वर्षं लागतात आणि ४० मिलिमीटरला एकशे साठ. कव्हर, म्हणजे सळईवरची काँक्रीटची जाडी, दुप्पट केलं की वेळ चौपट. सळईखाली कव्हर ब्लॉक न ठेवता खडीचा तुकडा सरकवून स्लॅब भरला असेल तर कव्हर १० मिलिमीटरही उरत नाही, आणि तुमच्या सोसायटीचं गणित वीस वर्षांत संपतं. केंद्राचं कवच साधारण मीटरभर जाड, कव्हर भरपूर, पाणी-सिमेंटचं प्रमाण कमी, आणि प्रत्येक ओतकामाची नोंद. पदार्थ तोच, फरक मन लावून केलेल्या कामाचा.

आणि क्युरिंगचा. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटकामाचं भारतीय मानक, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लायॲशसारखं मिश्रण असेल तर किमान १० दिवस ओलं ठेवायला सांगतं. सिंहस्थ जवळ आला की शहरात कामांची घाई उडते. तेव्हा कुठे नवा कॉलम तिसऱ्याच दिवशी पांढराफटक कोरडा पडलेला दिसला की माझ्या पोटात कालवतं. त्या चार दिवसांचं पाणी नंतर कितीही पैसे ओतले तरी परत देता येत नाही.

तारापूर तर समुद्रकाठी आहे. तिथे वेगळं काय?

आपल्याकडे शत्रू कार्बन डायऑक्साइड, तिथे मीठ. क्लोराइड पीएच न उतरवताच सळईवरचा थर भेदतं आणि एकेका जागी खड्डा पाडत जातं. बाहेर काही दिसायच्या आधी आत सळई निम्मी झालेली असू शकते. सर्वांत वाईट हाल भरती-ओहोटीच्या पट्ट्यात. तिथे काँक्रीट आळीपाळीने भिजतं आणि वाळतं, मीठ साचत जातं, वर प्राणवायूही मिळतो. म्हणून आयएस ४५६ मध्ये मध्यम वातावरणाला ३० मिलिमीटर कव्हर पुरतं, समुद्राचे तुषार उडतात तिथे ५० आणि भरतीच्या पट्ट्यात ७५ लागतं.

इथे दुरुस्तीतली एक चूक सांगते, कारण ती नाशिकमध्येही होते. खराब झालेला तेवढा तुकडा फोडून नवा मसाला भरला की नव्या मसाल्यातली सळई सुरक्षित होते, पण तिच्या कडेला जुन्या खारट काँक्रीटमधली सळई पूर्वीपेक्षा जोराने गंजायला लागते. दोन-चार वर्षांत ठिगळाभोवती नवं कडं फुटतं. म्हणून समुद्री कामांत ठिगळापेक्षा सळईला बारीकसा विद्युतप्रवाह देऊन गंज थांबवायचा उपाय अनेकदा शहाणपणाचा ठरतो.

किरणोत्सर्गाने काँक्रीट भुसभुशीत होतं का?

बहुतेक काँक्रीटला त्याचा स्पर्शही होत नाही. प्रश्न असतो तो अणुभट्टीच्या अगदी लगतच्या भिंतीचा. दर चौरस सेंटिमीटरमागे साधारण १०^१९ न्यूट्रॉन झेलल्यावर ताकद घटायला लागते, असं जुन्या प्रयोगांवरून मानलं जातं. चाळीस वर्षांत बहुतेक ठिकाणी हा आकडा गाठला जात नाही. साठ किंवा ऐंशी वर्षं चालवायचं म्हटलं की काही ठिकाणी हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

गंमत अशी की आधी बिघडते ती खडी, सिमेंट नव्हे. न्यूट्रॉनच्या माऱ्याने खनिजांची स्फटिकरचना विस्कटते आणि ती फुगतात. सर्वांत जास्त फुगतं क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. तिचं घनफळ दहा टक्क्यांहून जास्त वाढू शकतं. सिमेंट तेवढं ताणत नाही, आणि आतून बारीक चिरा पडतात. भारतात नरोऱ्यापासून पुढच्या जडपाणी अणुभट्ट्यांमध्ये अणुभट्टीचं भांडं पाण्याने भरलेल्या काँक्रीटच्या कोठीत बसवलेलं असतं. ते पाणी न्यूट्रॉन अडवतं आणि भिंत थंड ठेवतं.

आणि उष्णतेने?

दीर्घकाळ साधारण ६५ अंशांच्या खाली ठेवायचं. गरम पाइप जिथून भिंतीतून जातो तिथे थोड्या जागेपुरती साधारण ९३ अंशांपर्यंत सूट. त्यावर गेलं की पाणी उडतं आणि काँक्रीट कोरडं, कमजोर होतं. ओततानाच्या उष्णतेचीही काळजी असते. जाड भिंतीच्या पोटात सिमेंटची स्वतःची उष्णता ७० अंशांवर गेली तर अनेक वर्षांनी एट्रिंगाइट नावाचं खनिज उशिरा तयार होऊन काँक्रीट फुगू शकतं. म्हणून मोठ्या ओतकामात पाण्याऐवजी बर्फ घालतात.

थंडीचं विचाराल, तर गोठून तडकणं ही आपल्याकडची अडचण नाही. निफाडचा पारा कितीही उतरला तरी.

‘काँक्रीटचा कॅन्सर’ म्हणतात तो काय? आपली काळी खडी सुरक्षित आहे ना?

सिमेंटमधले अल्कली, खडीतली विशिष्ट सिलिका आणि पाणी एकत्र आले की एक जेल तयार होतं. ते पाणी पितं, फुगतं आणि काँक्रीटच्या अंगावर नकाशासारखं भेगांचं जाळं उमटतं. १९४० मध्ये कॅलिफोर्नियात थॉमस स्टँटन यांनी हे ओळखलं. आपल्याकडे हिराकुड आणि रिहंद धरणांत हा त्रास दिसला आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या सीब्रुक केंद्रात २०१० च्या सुमारास तो सापडला, आणि तेव्हापासून तिथे भेगा आणि फुगवटा सतत मोजला जातो. कॅनडातलं जेंटिली-२ केंद्रही या रोगाने ग्रस्त होतं. ते २०१२ मध्ये बंद झालं.

काळ्या खडीबद्दल मी सरसकट ‘हो’ म्हणणार नाही. दख्खनचा बेसॉल्ट साधारणपणे चांगलाच आहे. पण सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलं असेल तर आठवा, तिथले झिओलाइट आणि कॅल्सेडनीचे नमुने कुठून आलेत? याच बेसॉल्टच्या पोकळ्यांतून. कॅल्सेडनी ही नेमकी तसलीच सिलिका आहे. तेव्हा खडी कुठल्या खाणीतली, कुठल्या थरातली, याने फरक पडतो. चाचणी दोन प्रकारची. मसाल्याच्या पट्ट्या ८० अंशांवर कॉस्टिकच्या द्रावणात चौदा दिवस ठेवायच्या, किंवा काँक्रीटच्या लाद्या ३८ अंशांवर वर्षभर. पहिली घाईची, दुसरी भरवशाची. साठ वर्षांच्या कामासाठी एक वर्ष थांबणं मला जास्त वाटत नाही.

कवचातल्या ताणलेल्या तारा सैल पडतात का?

पडतात, आणि किती पडतील याचा हिशेब आधीच केलेला असतो. कवच आतून दाब सोसेल म्हणून पोलादी तारांचे जुडगे ताणून काँक्रीटला कायमचं आवळून ठेवतात. काँक्रीट वर्षानुवर्षं किंचित आकसतं, तार किंचित शिथिल होते, आवळ कमी होतो. काही देशांत तारा ग्रीस भरलेल्या नळीत मोकळ्या असतात. त्यांचं टोक उचलून ताण मोजता येतो. जिथे नळीत सिमेंट भरलेलं असतं तिथे गंजापासून संरक्षण मिळतं, पण मोजायची ही सोय जाते. मग कवचात हवा भरून दाब वाढवायचा, ते किती फुगतं आणि किती गळतं हे मोजायचं.

या तारांची ताकद किती हे कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्रातल्या घटनेने भारताला शिकवलं. १३ मे १९९४ रोजी, बांधकाम चालू असताना, पहिल्या अणुभट्टीच्या आतल्या घुमटाचा खालचा थर सुटला आणि सुमारे १३० टन काँक्रीट कोसळलं. चौदा कामगार जखमी झाले. वाकलेल्या तारा ताणल्या की त्या घुमटाला आतल्या बाजूला ढकलतात, आणि जाडीच्या मधोमध एक थर दुसऱ्यापासून सोलायला लागतो. तिथे जाडीतून आडवं जाणारं लोखंड पुरेसं लागतं. घुमटाची रचना नव्याने केली गेली आणि केंद्र २००० मध्ये वीज देऊ लागलं. हा जन्मदोष, म्हातारपण नव्हे. पण २००९ मध्ये फ्लोरिडातल्या क्रिस्टल रिव्हर केंद्रात तशीच फट वयात आलेल्या भिंतीत पडली. नवं वाफजनित्र आत न्यायला भोक पाडायचं म्हणून काही तारा सैल केल्या, आणि भिंत तारांच्या पातळीवर आतून उकलली. दुरुस्तीनंतर पुन्हा उकलली. २०१३ मध्ये केंद्र कायमचं बंद करायचं ठरलं.

इतकी वर्षं नीट उभी असलेली भिंत दुरुस्तीच्या निमित्ताने गेली. प्रत्येक दुरुस्ती हीसुद्धा एक नवी घटना असते, तिचाही हिशेब मांडायचा असतो.

कवचाच्या आतलं पोलादी अस्तर गंजतं का?

पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर व्हॅली केंद्रात २००९ मध्ये अस्तराच्या रंगाला एक फोड आलेला दिसला. खरवडून पाहिलं तर पत्र्याला आरपार छिद्र. मागे काँक्रीटमध्ये लाकडाचा एक तुकडा निघाला, बांधकामाच्या वेळचा, विसरलेला. लाकडाने ओल धरून ठेवली, आणि तिथलं पोलाद मागच्या बाजूने खाल्लं गेलं.

हे वाचल्यावर मला गंगापूर रोडजवळच्या एका इमारतीचा कॉलम आठवला. हातोडीचा आवाज सगळीकडे खणखणीत, एका वीतभर जागेत मात्र बद्द. फोडलं तर आत सेंटरिंगच्या फळीचा तुकडा, काळा पडलेला, बोटाने दाबला तर भुगा होणारा, आणि त्याला टेकलेली सळई पेन्सिलीएवढी बारीक. इतर तिन्ही सळया ठणठणीत होत्या.

तपासतात कसं? सोसायटीत वापरता तीच यंत्रं का?

बरीचशी तीच, पण मर्यादा जास्त. रिबाउंड हॅमर, म्हणजे आपटल्यावरची उसळी मोजणारा हातोडा, फक्त पृष्ठभागाचं सांगतो, आणि जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बन डायऑक्साइडने कडक झालेला असल्याने आकडा फसवा मोठा येतो. अल्ट्रासॉनिकला दोन्ही बाजू लागतात. चांगल्या काँक्रीटमधून ध्वनी सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास धावतो. पण कवचाला आतून पोलादी अस्तर असेल तर दुसरी बाजू मिळतच नाही. मग एकाच बाजूने ठोका देऊन प्रतिध्वनी ऐकण्याच्या पद्धती, रडार वगैरे. दाट सळयांमागे रडार आंधळं होतं. सळई गंजतेय का हे विद्युतदाबाने कळतं: तांबं-मोरचूदच्या इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे वाचन गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त.

तरीही सर्वांत जास्त दोष आजही डोळ्यांनी सापडतात. चांगला दिवा, शिडी, आणि मागच्या वेळचे फोटो हातात असलेला माणूस.

भेग दिसली म्हणजे धोका?

भेग नसलेलं काँक्रीट मी पाहिलेलं नाही. विचारायचं ते रुंदी किती, आणि वाढतेय का. अमेरिकी मार्गदर्शनात ०.४ मिलिमीटरपेक्षा बारीक आणि न वाढणारी भेग स्वीकारतात, १ मिलिमीटरपर्यंतची तपासून ठरवतात, त्यापुढच्या भेगेचा सविस्तर अभ्यास करावा लागतो. भेगेतून पांढरा ओघळ किंवा तांबूस डाग आला असेल तर मी रुंदी मोजायच्याही आधी पाणी कुठून येतंय ते शोधते.

केंद्र किती वर्षं चालवायचं हे कोण ठरवतं?

भारतात अणुऊर्जा नियामक परिषद. तिची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ ची. परवाना एकदा मिळाला की संपलं असं नसतं. दर दहा वर्षांनी केंद्राचा सर्वंकष सुरक्षा आढावा घ्यावा लागतो, आणि वयपरत्वे होणारे बदल हा त्यातला एक मुख्य भाग असतो. अमेरिकेतली चाळीस वर्षांची मुदत लोक काँक्रीटची एक्सपायरी डेट समजतात. ती आर्थिक आणि मक्तेदारीविरोधी विचारांतून आली होती. म्हणूनच पुढे तपासणी करून ती साठ आणि काही ठिकाणी ऐंशी झाली.

सगळ्यात अवघड काय आहे यात?

नोंदी टिकवणं. साठ वर्षं म्हणजे अभियंत्यांच्या दोन-तीन पिढ्या. ओतकाम केलेला माणूस निवृत्त होतो, त्याच्या डोक्यातलं त्याच्याबरोबर जातं. खडी कुठल्या खाणीची, त्या दिवशी ऊन किती होतं, कुठे व्हायब्रेटर पोचला नाही, पहिली भेग कधी दिसली, हे कागदावर नसेल तर पन्नासाव्या वर्षी कुठलंही यंत्र ते सांगू शकत नाही. एका सोसायटीत मी मूळ नकाशे मागितले. सेक्रेटरीकाका बिचारे मोठं पाकीट घेऊन आले. त्यात फक्त वीजबिलं आणि भांडणाच्या नोटिसा. त्या इमारतीचा पाया किती खोल हे कळायला आम्हाला खड्डा खणावा लागला. अणुभट्टीखाली तसा खड्डा खणता येत नाही.

मी नाशिकमध्ये सिव्हिल शिकतो. या क्षेत्रात यायचं तर सुरुवात कुठून करू?

कुठलीही जुनी इमारत पाडत असतील तिथे जा. मुकादमाला विचारून काँक्रीटचा मुठीएवढा, नुकताच फुटलेला तुकडा घ्या. प्रयोगशाळेतून फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण घेऊन ताज्या फुटीवर फवारा. आतला भाग गडद गुलाबी होईल, बाहेरची पट्टी तशीच राखाडी राहील. पट्टी मिलिमीटरमध्ये मोजा. इमारतीचं वय विचारा, भाग बाहेरचा होता की आतला तेही विचारा. एका वहीत चार रकाने आखून लिहा. असे तीस-चाळीस तुकडे झाले की वहीत वर्गमूळ आपोआप दिसायला लागेल. ती वही घेऊन मला भेटायला या.